करंजवाडीने मागितलेला बॉलर

आप्पा,

बाळूभाऊंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. करंजवाडीच्या संघाचे ते कप्तान. आसपासच्या सगळ्याच कप्तानांचे नंबर माझ्याकडे असतात, कारण सामना संपला की स्कोअरचा फोटो मीच त्यांना पाठवते. त्या दुपारी तुम्ही पलंगावर पडल्या पडल्या विचारलंत, "बाळूचा नंबर हाय का गं तुज्याकडं?" मी म्हणाले, "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आज सतरा दिवस झाले. घरी येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल काहीतरी सांगून जातो. कुणाचा खांदा तुम्ही बसवलात, कुणाच्या म्हशीचा पाय. काकी ऐकते, मान हलवते, चहा टाकते. मी कप नेऊन देते आणि आत येते. मला जे सांगायचं आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, आणि एकट्या काकीलाही नाही. ते फक्त तुम्हाला सांगण्यासारखं होतं.

तुम्ही बाबांचे थोरले भाऊ, आपली दोन्ही घरं एकाच अंगणात. बाबा कारखान्यात शिफ्टला जायचे, आई नोकरीला, त्यामुळे मी तुमच्याच ओट्यावर वाढले. लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत मला घातलं बाबांनी, आणि त्यावरून मला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केलीत तुम्ही. पाहुणे आले की सगळे मला इंग्रजी कविता म्हणून दाखव म्हणायचे आणि मी तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसायचे. एकदा तुम्ही तिथे आलात. तुम्हीही खाली बसलात. म्हणालात, "बोलाया येत न्हाई तर ऱ्हाऊ दे. लिवाया येतंय ना?" पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या हातात स्कोअरचं रजिस्टर दिलंत.

भातकाढणी झाली की खालच्या खाचरात रोलर फिरायचा आणि आपल्या कुसगावचं मैदान तयार व्हायचं. चेंडू बांधापलीकडे गेला की चार. बांधावर एक टेबल, एक छत्री, आणि त्या छत्रीखाली पोरांच्या गर्दीत एकटी मुलगी. तुम्ही अंपायर. पहिल्याच दिवशी तुम्ही माइकवरून सगळ्यांना सांगितलंत, "ती हितं बसनार. कुनी शिवी दिली तर तो बॉल मोजायचा न्हाई." त्यानंतर कितीतरी दिवस बॉलर कॅच सुटला की आधी माझ्याकडे बघायचे आणि मग तोंड मिटायचे. तुम्ही सहा चिंचोके उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकत चेंडू मोजायचात, आणि शंका आली की लांबून माझ्याकडे बघायचात. मी बोटं वर करायचे. चार झाले. पाच झाले. आपलं सगळ्यात जास्त बोलणं असंच झालं, तुम्ही खेळपट्टीपाशी आणि मी बांधावर. मला त्याहून जास्त बोलावं लागलं नाही, याबद्दल मी तुमची आभारी होते. आता वाटतं, तुम्ही मला जरा बोलायला लावायला हवं होतं.

जावेदबद्दल आपण नीट असं कधी बोललोच नाही. भांडलो फक्त.

तो पडला तेव्हा मी सहा वर्षांची असेन, तो नऊ. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवरून पडला. शमीम मावशी, त्याची आई, साड्यांना फॉल-पिको करता करता तशीच उठून आली होती, तिच्या ओढणीला सुई टोचलेली होती. तुम्ही त्याला ओट्यावर बसवलंत, कोपर चाचपलंत, आणि मला म्हणालात, "मॅडम, ती वाटी धर." वाटीत लेप होता. मी धरली. तुम्ही त्याच्याशी गप्पा मारता मारता एकदाच हात ओढलात. तो ओरडला नाही, त्याने फक्त माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग बांबूच्या कामट्या, मग फडकं. "एकवीस दिवसांनी सोडायचं," तुम्ही म्हणालात.

एकविसाव्या दिवशी ते दोघं आले तेव्हा तुम्ही भातलावणीला गेला होतात. पुन्हा आले, तेव्हाही शेतातच. पाऊस उघडत नव्हता, रोपं वाट बघत नव्हती. पट्टी सुटली ती पंधरा-सोळा दिवस उशिरा, आणि कोपर सरळ झालं नाही. तुम्ही ते चार-पाचदा हलवून पाहिलंत. मग कपाटावरचा एक टेनिसचा चेंडू काढून त्याला दिलात. "रोज टाकत जा. भिंतीवर टाक. हात मोकळा हुईल."

हात मोकळा झाला नाही. पण तो रोज टाकत राहिला. भिंतीवर, मग गल्लीत, मग खाचरात. पुढे त्याचा चेंडू असा यायचा की बॅट खाली येईपर्यंत मागे दांडी पडलेली असायची. त्या वाकड्या कोपरामुळे बॅट्समनला चेंडू उशिरा दिसायचा, असं सगळे म्हणायचे. तुम्ही औषध म्हणून दिलेल्या चेंडूतून आपल्या गावाला बॉलर मिळाला. त्याच्या विकेटा मी लिहायचे, आणि ओव्हर संपली की तुम्ही टोपी त्याच्या हातात देताना त्याच्या पाठीवर थाप मारायचात. इतर कुणाच्या मारत नव्हता.

मग त्याला हॉटेलात नोकरी लागली. लोणावळ्यात शनिवार-रविवारी सुट्टी मागणं म्हणजे नोकरीच सोडणं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सामने असतात शनिवार-रविवारीच. तो यायचा बंद झाला आणि तुम्ही दोन सीझन त्याचं नाव संघात लिहू दिलं नाहीत. "गावापेक्षा हाटेल मोठं झालं त्याला," एवढंच म्हणालात. त्याने एकदा ओट्यावर येऊन सांगायचा प्रयत्न केला होता. तुम्ही आतून "झोपलोय म्हनून सांग" म्हणालात आणि मी बाहेर जाऊन ते सांगितलं. तुम्ही जागे आहात हे त्याला कळत होतं. मला ते सांगताना बघून तो हसला आणि गेला.

या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत नेहमीचाच नियम होता. एक गाव, एक संघ, आणि प्रत्येक संघाला बाहेरच्या गावचा एकच खेळाडू. नियमात कुठेही लिहिलेलं नाही, पण बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर त्याच्या गावच्या जाणत्या माणसाला आधी विचारायला जातात. लग्नाआधी चौकशीला जावं तसं. करंजवाडीच्या बाळूभाऊंनी जावेदला निवडायचं ठरवलं, कारण तो ज्या हॉटेलात होता तिथले मॅनेजर करंजवाडीचे. रविवारची सुट्टी ते देणार होते. करंजवाडी म्हणजे गेल्या कितीतरी फायनलमध्ये आपल्यासमोर उभा राहिलेला संघ. तरीही बाळूभाऊ आणि त्यांचा कीपर आपल्या ओट्यावर आले. मी दारामागे ट्रे घेऊन उभी होते. सगळं ऐकू आलं.

"तुमचा जावेद घ्यावा म्हनतोय औंदा," बाळूभाऊ म्हणाले. "तुमी त्याला खेळवत न्हाई. मंग आमाला द्या."

"घ्या की. तो काय माजा बैल हाय व्हय?"

"तसं न्हाई, आप्पा. पोरगा कसा हाय, एवडं सांगा. तुमच्याएवडा त्याला कुनी बघितला न्हाई."

तुम्ही बशीतला चहा संपवलात. मग म्हणालात, "फेकतो."

कीपर हसला. "आप्पा, मागं आमच्या तीन दांड्या उडवल्या तवा तुमीच अंपायर हुता. तवा न्हाई फेकला?"

"तवाबी फेकत हुता. आपला हुता म्हनून गप बसलो."

ते दोघं हसले. तुम्ही हसला नाहीत. मग बाळूभाऊही थांबले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या." त्यानंतर भाताच्या उताऱ्याबद्दल बोलणं झालं, कुणाच्या तरी रस्त्यात गेलेल्या जमिनीबद्दल झालं, आणि ते गेले. एवढंच. आठवडा उलटायच्या आत सगळ्या तालुक्याला कळलं की कुसगावचा जावेद फेकतो, त्याचा बॉल नियमात बसत नाही, आणि हे कुसगावच्याच आप्पांनी सांगितलंय. ज्यांनी कधी एक चेंडू फुकट दिला नाही, त्या आप्पांनी.

ते दोघं येऊन गेले त्या रात्रीपासून आपण भांडायला लागलो. खरं तर त्याआधी मी तुमच्याशी कधी भांडले नव्हते. काकी भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही ताटावर बसून म्हणालात, "त्याची लायकीच न्हाई तालुक्याला खेळायची." मी म्हणाले, "लायकी नाही, की आपल्याविरुद्ध खेळायला नको?" तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे पाहिलंत. "मॅडम बोलाया लागल्या," तुम्ही काकीला म्हणालात. मला तर वाटतं, तुम्हाला आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर नियम वाचून आले. तो इंग्रजीत होता, मी तो तुम्हाला मराठीत सांगितला. कोपर वाकलेलं असण्याला हरकत नाही. चेंडू सोडताना वाकलेलं कोपर सरळ झालं, तर तो फेकी.

"हे कुनी लिवलंय?"

"लंडनमध्ये असतात ते लोक. नियम तेच करतात."

"मंग लंडनला खेळव त्याला."

मीही हसले. तुम्ही हसवून वाद जिंकायचात, ते मला माहीत होतं, तरी हसले. त्याच्या पुढच्या दिवशी मी पुन्हा विषय काढला, आणि त्याच्याही पुढच्या. तुम्ही म्हणायचात, "डोळ्याला दिसतंय ते खोटं का?" मी म्हणायचे, "डोळ्याला दिसतो तो वाकडा हात. सरळ होताना कुठे दिसतो?" तुम्ही म्हणायचात, "मॅडम, मी अंपायर हाय का तू?" एवढं मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. माझ्याकडे एक वाक्य शिल्लक होतं आणि ते मी रोज पुढे ढकलत होते. ते वाक्य असं होतं, की आप्पा, तो हात तुम्हीच बसवला होता.

ते बोलायचं मी ठरवलं त्या दिवशी काकी आणि शेजारच्या दोन बायका अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी म्हणाले, "आप्पा, जावेदच्या हाताबद्दल मला एक सांगायचंय." तुम्ही तंबाखू मळत होतात. तुम्ही सहज म्हणालात, "लय पुळका आलाय गं तुला त्याचा."

सहजच म्हणालात. मला चिडवायचं म्हणून. पण त्या बायकांपैकी एकीचा सुपातला हात थांबला. तो थांबलेला हात मी पाहिला, काकीने पाहिला, तुम्ही पाहिला नाहीत. त्यात तसं काही नव्हतं, हे मी इथे एकदा लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. पण शेजारपाजाऱ्यांत, लग्नाच्या वयाच्या मुलीबद्दल आणि शमीम मावशीच्या मुलाबद्दल असं काही नसणं पुरेसं नसतं. मी उठून आत गेले. ते वाक्य पुन्हा तोंडात आलं नाही.

तुम्हाला आठवत होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्याकडे किती माणसं हात-पाय घेऊन आली असतील. पण तुम्ही कुठल्याही लग्नात कुणी भेटलं की नाव विचारायच्या आधी म्हणायचात, "घोटा दुखतो का रं आता?" माणसं तुम्ही हाडांवरून ओळखायचात. मी पायरीवरून पडले होते तेव्हा माझा घोटा तुम्ही धरलात आणि म्हणालात, "बापाचाबी ह्योच घोटा मी बसवला हुता." मग जावेदचं कोपर तुम्ही विसरला असाल, यावर विश्वास कसा ठेवू? आणि विसरला नव्हता असं म्हटलं, तर तुम्ही ओट्यावर बसून जे बोललात त्याचं मी काय करू? मला यातलं एकही उत्तर नको आहे.

त्या शेवटच्या दुपारी तुम्ही पडून होतात. पाठीत चमक भरलीय म्हणालात, स्वतःच तेल लावून घेतलं होतंत. हाडं बसवणाऱ्या माणसाने आपल्या पाठीबद्दल सांगितलेलं आम्ही सगळ्यांनी खरं धरलं. घरात आपण दोघंच होतो. मी फोन घेऊन तुमच्या उशाशी बसले. दोन वर्षांपूर्वीच्या सामन्याचं चित्रण होतं, स्टँडवर ठेवलेल्या फोनने अगदी बाजूने घेतलेलं. मी ते सावकाश चालवलं. जावेद धावत येतो, हात वर जातो, चेंडू सुटतो.

"पुन्यांदा," तुम्ही म्हणालात.

मी पुन्हा लावलं.

"थांबव हितं."

थांबवलं. चेंडू हातातून सुटतानाचं चित्र होतं. कोपर आधी जितकं वाकलेलं होतं तितकंच आताही वाकलेलं होतं. तुम्ही अंगठ्याने चित्र मोठं करायला गेलात आणि ते भलतीकडे सरकलं, मी सरळ करून दिलं. तुम्ही खूप वेळ बघत राहिलात. मग तिसऱ्यांदा बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघायला हवं होतं. मी फोनकडेच बघत होते.

मग तुम्ही बाळूभाऊंचा नंबर मागितलात.

मी 'नाही' का म्हणाले ते सांगते. त्या अंगणातल्या दिवसानंतर मी ठरवलं होतं की माझ्या फोनमध्ये कुणाचे नंबर आहेत हे कुणाला कळू द्यायचं नाही. बाळूभाऊंचा होता, अजून सात-आठ कप्तानांचे होते, सगळ्या पुरुषांचे. जावेदचाही होता. तुम्ही फोन हातात घेतला असतात तर यादीतली ती सगळी नावं तुमच्या डोळ्यांसमोरून गेली असती. तुम्ही काहीही म्हणाला नसतात. हे मला आत्ता कळतं. तेव्हा तोंडातून 'नाही' निघून गेलं. माझ्या तोंडातून जे काही पटकन निघतं ते नेहमी एवढंच असतं.

तुम्ही म्हणालात, "बरं. उद्या बघू." आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तुम्ही बाळूभाऊंना काय सांगणार होतात? कदाचित चुकलो म्हणणार होतात. कदाचित पुन्हा तेच, की फेकतो, मी नीट बघितलं. कदाचित त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचं विचारणार होतात. मला हवं ते उत्तर मी तुमच्या तोंडी घालू शकत नाही. रोज दुपारी ते घालून बघते आणि काढून घेते.

तुमच्या दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर खूप माणसं होती. माइक होता, श्रद्धांजलीची भाषणं झाली. सरपंच बोलले, दोन माजी सरपंच बोलले. मग बाळूभाऊ उठले. ते म्हणाले, "आप्पांनी आमाला शेवटचा सल्ला दिला. सवताच्या गावचं पोरगं हुतं, तरीबी खरं बोलले. आमी त्यांचा शब्द मानला, त्याला घेतला न्हाई. असा मानूस पुन्यांदा हुनार न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. जावेद तेव्हा मागच्या रांगेत पाण्याचे ग्लास फिरवत होता, सकाळपासून तोच पाणी बघत होता. बाळूभाऊंनी नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. त्याने त्या दोघांनाही पाणी दिलं.

मग सूत्रसंचालकांनी विचारलं, "घरच्यांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" बाबांनी मान हलवली. माइक माझ्यापासून चार पावलांवर होता. घाटावर चारशे माणसं तरी असतील, आणि तुमच्या त्या शेवटच्या दुपारबद्दल त्यांच्यातल्या फक्त मला माहीत होतं. मी खाली बघत राहिले. पसायदान सुरू झालं.

दोन दिवसांनी मी बाळूभाऊंना फोन केला. आधी कागदावर काय बोलायचं ते लिहून घेतलं.

"आप्पांनी जावेदचा व्हिडिओ बघितला होता," मी म्हणाले. "जायच्या आदल्या दिवशी. तीनदा बघितला. मग तुमचा नंबर मागितला."

"बरं. काय म्हनले?"

"काही नाही म्हणाले. नंबर मागितला."

"मंग?"

मला पुढचं वाक्य लिहून ठेवलेलं सापडेना. मी म्हणाले, "तो हात लहानपणी मोडलाय. तो तसाच वाकडा आहे. आप्पांनीच बसवला होता."

ते अगदी समजुतीने म्हणाले, "ताई, तुमी म्हनताय ते असंलबी. पर गेलेल्या मानसाचा शब्द मी कसा फिरवू? जिता असता तर भांडलो असतो. आता ते बरं दिसंल का?" आणि मग, "तुमचं जेवन-बिवन हुतंय ना घरी?"

मी हो म्हणाले.

परवा शमीम मावशीकडे गेले. काकीने तिच्यासाठी डबा दिला होता, त्या निमित्ताने. जावेद घरीच होता, त्याची ड्युटी दुपारची. मशीन बंद करून मावशी तुमच्याबद्दलच बोलायला लागली. दर शुक्रवारी तुमच्या हातांसाठी दुवा मागायची म्हणाली, आता तुमच्यासाठी मागते. मी म्हणाले, मावशी, जावेदचा हात. तेवढंच म्हणाले.

"वाचवला की भाऊंनी," ती म्हणाली, तुम्हाला ती भाऊच म्हणायची. "शहरात नेला असता तर कापलाबी असता. वाकडा का हुईना, हात हाय."

"आप्पा म्हणाले तो फेकतो."

ती डब्याचं झाकण काढायला लागली. जावेद उंबऱ्यावर बसून बूट पुसत होता. तो म्हणाला, "मला माहीत आहे गं. माझाच हात आहे."

"मग तू का नाही सांगितलंस बाळूभाऊंना? की हात कुणी बसवलाय?"

"काय सांगू? की आप्पांनी वाकडा बसवला? उद्या माणसं आली नसती त्यांच्याकडे." त्याने दुसरा बूट घेतला. "पाच संघांना विचारलं मी. पाचही जणांनी आप्पांचं नाव घेतलं. आता मी रविवारची ड्युटी पुन्हा घेतलीय."

"मी लिहिणार आहे याबद्दल."

"लिही. त्यानं हात सरळ होणारे का?" तो रागाने बोलत नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. बूट घालून तो गेला.

मावशीने डबा रिकामा करून, धुऊन, त्यात शेवया घालून परत दिला. दाराशी येऊन ती म्हणाली, "भाऊंनी त्या करंजवाडीच्या पोरांना एवढंच म्हनायचं हुतं, की हात मी बसवलाय. मंग घ्यायचं असतं तर घेतलं असतं, न्हाई तर न्हाई." मग म्हणाली, "जाऊ दे. मेलेल्या मानसाला बोलू न्हाई."

मी बोलते आहे, आप्पा. जिवंत होतात तेव्हा नाही बोलता आलं. माझ्याएवढा जीव तुम्ही या घरात कुणाला लावला नाहीत, आणि तुम्ही केलेली सगळ्यात वाईट गोष्ट फक्त मला नीट माहीत आहे. या दोन्ही गोष्टी घेऊन मी रोज कामावर जाते. लोणावळ्याच्या ऑफिसात बसून पर्यटकांच्या खोल्या बुक करते, येते. कुणी विचारलं तर सांगते की तुम्ही फार चांगले होतात. ते खोटं नाही.

येत्या रविवारी स्पर्धा सुरू होते आहे. पहिलाच सामना आपला आणि करंजवाडीचा. बाळूभाऊंनी बाहेरचा खेळाडू म्हणून दुसऱ्या एका गावचा बॉलर घेतला आहे. त्याचे व्हिडिओ काल मी पाहिले. सावकाश चालवून पाहिले. आप्पा, तो फेकतो. चेंडू सोडताना त्याचं कोपर दर वेळी सरळ होतं. त्याच्या गावात तुमच्यासारखा जाणता अंपायर नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल विचारायला बाळूभाऊंना कुणाकडे जावं लागलं नाही. तुमच्या जागी जे अंपायर उभे राहणार आहेत ते नवीन आहेत, ते काही बोलणार नाहीत. मी बांधावर असेन. तो विकेटा घेईल आणि त्याच्या नावापुढे मी त्या लिहीन.